राजहंसाची पिल्लं पाळताय? त्यांना जीव कसा लावायचा आणि त्यांचं वागणं कसं ओळखायचं

वसई, उत्तन साइडला वाडी असलेल्या घरात राजहंसाची (इंग्रजीत गूज, स्वान नव्हे) पिल्लं आणली की पहिल्याच दिवशी सगळ्यांना एक गोष्ट जाम आवडते, पिल्लू पायात पायात येतं, किचनमध्ये गेलात की किचनमध्ये, बाथरूमला गेलात की दाराबाहेर ओरडत उभं. लोक रील काढतात, पण ते नुसतं लाडात येऊन येत नाही हो, एकटं पडायची भीती असते म्हणून येतं. एवढं डोक्यात ठेवलंत की बाकीचं आपोआप कळायला लागतं.

स्टेप १: एकटं पिल्लू आणूच नका
कमीत कमी दोन. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलतं-बोलतं समोर असेल त्याला पिल्लू आई मानतं, याला इम्प्रिंटिंग म्हणतात. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ग्रेलॅग या रानटी राजहंसाच्या पिल्लांबरोबर राहून याचा अभ्यास केला, १९७३ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यात ते होते. इन्क्युबेटरमधून आलेलं एकटं पिल्लू माणसालाच आपलं माणूस समजून बसतं, मग मोठेपणी इतर राजहंसांत मिसळणं त्याला अवघड जातं, आणि तुम्ही सकाळी विरार लोकल पकडून ऑफिसला गेलात की ते दिवसभर ओरडत बसणार. दोघं असली की एकमेकांना धरून राहतात, आणि तुमच्यावरचं प्रेम काही कमी होत नाही, खरंच.

स्टेप २: आधी जागा नीट करा
टाइल्सवर पाय घसरून फाकतात, म्हणून खाली रबर मॅट किंवा जुनी चादर. पहिल्या आठवड्यात साधारण ३२ ते ३५ डिग्री ऊब लागते, मुंबईच्या मे महिन्यात दुपारी बल्ब लावायची गरजच पडत नाही, रात्री आणि पावसाळ्यात मात्र बघा. चिकटून ढीग केला तर थंडी वाजतेय, चोच उघडून धापा टाकतायत तर गरम होतंय. चिक स्टार्टरमध्ये (कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात) यांना पुरेल एवढं नायसिन, म्हणजे बी-३ व्हिटॅमिन, नसतं, ते कमी पडलं की पाय अधू होतात, म्हणून थोडं ब्रूअर्स यीस्ट (यीस्टची पावडर) मिसळा. पाव अजिबात नको.

स्टेप ३: आवाज ओळखा आणि उत्तर द्या
माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. चरताना हळू आवाजात सतत बारीक गप्पा चालू असतात, म्हणजे सगळं ठीक. झोप आली की थरथरता, मऊ आवाज काढतात. आणि एकेक सुटा, मोठा, तारस्वरातला "पीप! पीप!" ऐकू आला की पिल्लू हरवलंय, त्याला कोणी दिसत नाहीये. तेव्हा "सवय लागेल" म्हणून दुर्लक्ष करू नका, लांबूनच नेहमीच्या शब्दात हाक द्या, ते मान वर करून ऐकतं आणि गप्प होतं. रोज एकच हाक ठेवा, पुढे अंगणातून घरात बोलवायला तीच कामी येते.

स्टेप ४: वरून हात घालू नका
घार डोक्यावरून गेली की पिल्लू मान तिरपी करून एका डोळ्याने आभाळाकडे बघतं, जागच्या जागी थिजतं. वरून येणारा हात त्याला तसाच वाटतो. जमिनीवर बसा, तळहातावर कोवळं गवत ठेवा, त्याला येऊ द्या, उचलायचं तर छातीखाली हात घालून. (आणि मुंबईत घारी-कावळे खरंच पिल्लं उचलतात, वर जाळी हवीच.)

स्टेप ५: चोच आणि मान
बटण, नाडी, केस, सगळं चोचीने चावून बघतात, तो राग नाही, त्यांना हातच नाहीत ना. जोरात चावलं तर हाताच्या कडेने चोच शांतपणे बाजूला करा आणि गवत द्या, मारू नका, हात झटकून पळूही नका, पळालात की त्यात त्यांना मजा वाटायला लागते.

मान खाली लांब केली की लोक घाबरतात, पण नीट बघा: मान तुमच्या बाजूने तिरपी जातेय आणि तोंडाने बडबड चालू आहे तर ते तुम्हाला भेटतायत, बसा आणि बोला त्यांच्याशी. मान सरळ तुमच्यावर रोखलेली आणि फुसकारणं चालू असेल तर तो इशारा. तेव्हा जागेवर उभं राहा, पाठ न फिरवता सावकाश बाजूला व्हा. वयात आलेला नर विणीच्या काळात असा बऱ्याचदा वागतो, सीझन संपला की निवळतो, त्या दिवसांत लहान मुलांना त्याच्या जवळ सोडू नका.

फ्लॅटमध्ये मात्र पाळू नका, प्लीज. हा पक्षी २० वर्षंसुद्धा जगतो, रात्री खुट्ट झालं तरी अख्खी बिल्डिंग उठवतो, आणि चरायला गवत लागतंच. आणायच्या आधीच पक्ष्यांचा डॉक्टर शोधून ठेवा, परळला प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पण वसईहून आजारी पिल्लू घेऊन तिथे पोचेपर्यंत वेळ जातो, म्हणून जवळपास कोण बघतं तेही विचारून नंबर सेव्ह करा.