वाइन चाखायला शेतावर जाताय? या चुका टाळा (आणि आधी मिसळ खाऊ नका)

थंडी पडायला लागली की नाशकात राहणाऱ्या माणसाचा फोन वाजायला लागतो. "शनिवारी येतोय. एखाद्या वाइनरीत घेऊन चल. मोठी नको, तिथे जत्रा असते. छोटीशी, शेतातली बघ." मी नेतो. दिंडोरी, निफाड, इगतपुरी, जिथे ओळख असेल तिथे. आणि दर हिवाळ्यात त्याच चुका बघून परत येतो. यंदा ठरवलं, एकदा लिहून काढू आणि फोन आला की हेच पाठवू.

छोटी वाइनरी म्हणजे काय, ते आधी डोळ्यांपुढे आणा. काही एकरांची बाग, पत्र्याची शेड, आत स्टीलच्या टाक्या, थंडगार कोपऱ्यात २२५ लिटरची ओकच्या लाकडाची पिंपं, बाहेर आंब्याखाली दोन-चार टेबलं. ग्लासात ओतणारा बहुतेक वेळा मालक स्वतः, नाहीतर त्याचा भाऊ. सकाळी फवारणीचा ट्रॅक्टर बघून, हातपाय धुऊन तुमच्यासमोर उभा राहिलेला. तो बारमधला वेटर नाही. निम्म्या चुका एवढं न कळल्यामुळे होतात.

मिसळ

आता माझी सगळ्यात लाडकी चूक. नाशिकला येऊन मिसळ खायची नाही, हे कोणालाच पटत नाही. मलाही पटत नाही. पण वाइनच्या आधी नाही हो!

दोन वर्षांपूर्वी मावसभाऊ आणि त्याचे तीन मित्र पुण्याहून पहाटे निघाले. साडेनऊला नाशकात. मी म्हटलं, आधी वाइनरी, मिसळ दुपारी. "दुपारी कोण मिसळ खातं रे?" झालं. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, पुन्हा तर्री, पापड, दही, शेवटी जिलबी, त्यावर कडक चहा. कपाळावरचा घाम पुसत साडेअकराला आम्ही वाइनरीत पोचलो.

पहिली शेनिन ब्लाँ, पांढरी वाइन. एकजण म्हणाला, "पाणी आहे नुसतं." दुसरी सोव्हिन्यों ब्लाँ, तीही पांढरी. "आंबट." मग लाल शिराझ आली. मावसभावाने मोठा घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. ग्लास खाली ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही खराब झालीय." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मालकाने काही न बोलता स्वतःच्या ग्लासात थोडी ओतली, वास घेतला, चाखली, ग्लास ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मिसळ कुठली खाल्ली?"

मग त्याने आम्हाला टेबलावरून उठवलं. साधा पाव आणि वाटीभर दही आणून दिलं, बागेत तासभर फिरवलं. परत आल्यावर तीच शिराझ ओतली. भावाने वास घेतला, हळूच घोट घेतला आणि विचारलं, "ही वेगळी बाटली का?" मालकाने बाटली वळवून दाखवली. तीच होती.

यात गूढ काही नाही. तिखटाने जीभ आधीच पेटलेली असते, त्यावर अल्कोहोल आणखी चटका देतं. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बीमधून आलेलं टॅनिन असतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते तो तुरटपणा. तिखटावर तो दुप्पट झोंबतो. आणि पांढऱ्या वाइनचा नाजूक वास काळ्या मसाल्यापुढे टिकेल, ही अपेक्षाच चूक.

माझी सवय सांगतो. सकाळी बिनमिरचीचे पोहे किंवा इडली, चटणीशिवाय. त्यानंतर दोन-तीन तास फक्त पाणी. उपाशी मात्र जाऊ नका, ते उलट्या टोकाचं शहाणपण. सहा वाइन प्रत्येकी तीस मिलि धरल्या तरी १८० मिलि होतात, म्हणजे ७५० च्या बाटलीचा जवळजवळ पाव भाग. भर उन्हात, रिकाम्या पोटी. त्यानंतरचे फोटो कोणाला दाखवण्यासारखे नसतात.

वास घेऊन येणारी माणसं

अत्तर, डिओ, मोगऱ्याचा गजरा, गाडीत ओढलेली सिगारेट, तोंडातलं पान. वाइनची निम्मी चव नाकात असते आणि हे सगळं नाकातच बसतं, तुमच्याच नाही तर शेजारच्याच्याही. लग्नाला जायच्या थाटात वाइनरीत जाऊ नका. पोचल्या पोचल्या चूळ भरा, पण साध्या पाण्याने. टूथपेस्टवर वाइन म्हणजे टूथपेस्टवर संत्र्याचा रस. एकदा करून बघितलं असेल तर कळेल.

फोन न करता जाणे

करा ना फोन. जानेवारी ते मार्च काढणी असते. वाइनची द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडतात, कारण ऊन चढलं की घडातला रस तापतो. त्या दिवसांत अकरा वाजता तुम्ही "चाखायला आलोय" म्हणून उभे राहिलात, तर मालक कालपासून झोपलेला नसतो. शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाचे दिवस ड्राय डे. सुट्टी आहे म्हणून नेमके त्याच दिवशी येणारे मी तीन तरी पाहिले आहेत.

जुलैमध्ये येऊन "द्राक्षं कुठे आहेत?" विचारणाऱ्यांसाठी: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, त्यानंतर घड. पावसाळ्यात फक्त पानं दिसतील. ती सुद्धा सुंदर असतात.

आणि घड दिसले तरी तोडून तोंडात टाकू नका. भुरी-केवडा या रोगांसाठी फवारणी झालेली असते, आणि ते दुसऱ्याचं पीक आहे. चाखायचंच असेल तर मागा, कोणी नाही म्हणत नाही. बाजारातल्या द्राक्षासारखं लागणार नाही हे लक्षात ठेवा: दाणा लहान, साल जाड, आत बिया, आणि साखर खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त. हीच साखर टाकीत यीस्ट खातं आणि अल्कोहोल होतं. एवढं एक वाक्य पाहुण्यांना समजलं की "यात वरून किती दारू मिसळता?" हा प्रश्न थांबेल. दर वेळी कोणीतरी विचारतोच.

घाईवाले

चार वाइनऱ्या एका दिवसात. यादी काढून, वेळ लावून. लोक तीर्थयात्रा करतात तसं. तिसऱ्या ठिकाणी कोणाच्याही जिभेला काही कळत नाही, चौथ्या ठिकाणी फक्त गप्पा. एका दिवसात एक, फार तर दोन. दोन असतील तर मध्ये जेवण आणि झाडाखाली एक डुलकी. हे मी सांगतो तेव्हा "एवढ्या लांब आलोय तर" हे उत्तर ठरलेलं असतं.

तसाच दुसरा घाईचा प्रकार: लाल आधी. "पांढरी बायकांची, आपण लाल घेऊ." या वाक्यावर मी बोलणं सोडून दिलंय. हलकी आधी, जड नंतर, गोड सर्वांत शेवटी. ओतणाऱ्याने तो क्रम ठरवलेला असतो, तुम्ही फक्त त्याच्या मागे जा.

आणि कृपा करून पाठ केलेले शब्द बोलू नका. लेबलवर ब्लॅककरंट लिहिलंय म्हणून तुम्हालाही तो वास आलाच पाहिजे असं नाही; आपल्यापैकी कितीजणांनी ब्लॅककरंट खाल्लंय? सोव्हिन्यों ब्लाँमध्ये मला ढोबळी मिरची येते, कधी गवती चहा. शिराझमध्ये मिरी. कॅबर्ने या लाल वाइनमध्ये जांभूळ, कधी करवंद. एका आजींनी शेनिनचा वास घेऊन "पेरूवाल्याच्या गाडीजवळ उभी आहे असं वाटतं" असं सांगितलं होतं. मालकाने ते वहीत लिहून घेतलं.

थुंकायचं भांडं

टेबलावर एक उभट भांडं असतं. त्यात शेंगदाण्याची टरफलं टाकू नका. टिश्यू पण नाही. ते चाखून झालेली वाइन थुंकायला आणि ग्लासात उरलेली ओतायला असतं. चारचौघांत थुंकायची आपल्याला लाज वाटते, मान्य. पण तिसऱ्या ग्लासनंतर "सगळ्याच छान आहेत" म्हणणारा माणूस बघितला की मला जास्त लाज वाटते.

डिकी

आता माझी स्वतःची चूक, म्हणजे लिहायला हक्क आहे.

एप्रिलचे दिवस. दिंडोरी रोडवरच्या एका छोट्या वाइनरीतून सकाळी सहा बाटल्या घेतल्या. चार लाल, दोन पांढऱ्या. बायको म्हणाली, इथवर आलोच आहोत तर वणीला देवीचं दर्शन घेऊ. रस्ता तोच. गडाच्या पायथ्याशी नांदुरीला गाडी लावली, सावली शोधायला वेळ नव्हता, गर्दी होती. गड चढून, दर्शन घेऊन, खाली येऊन चार तास झाले. डिकी उघडली तर आत भट्टी. एका बाटलीचं बूच आवरणाला ढकलत वर आलेलं, गळ्यावरून लाल ओघळ, कपड्यांच्या पिशवीला डाग. बायको काही बोलली नाही. तेच वाईट.

वाइन तापली की फुगते आणि बुचाला वर ढकलते. फिरकीच्या झाकणाची बाटली बाहेरून शहाण्यासारखी दिसते, पण आतली वाइनही शिजलेलीच असते. त्या सहा बाटल्यांपैकी एकही धड नव्हती. पांढऱ्यांचा ताजेपणा गेलेला, लालला जॅमसारखा, शिजवलेल्या मनुकांसारखा वास. मी मात्र दोन महिने "ही वाइनरी काही खास नाही" असं सगळ्यांना सांगत फिरत होतो. मग तिथेच जाऊन तीच वाइन पुन्हा चाखली आणि गप्प बसलो.

तेव्हापासून गाडीत थर्माकोलचा मासेवाला डबा कायम. घरून गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या तळाशी, वर ओलं गोणपाट, त्यात वाइन आडवी. खरेदी नेहमी शेवटच्या थांब्यावर. देवदर्शन आधी, वाइन नंतर; हा क्रम घरच्यांनाही पटतो.

घरी आणल्यावर शोकेसमध्ये ठेवून पाच वर्षं जपू नका. "जुनी तितकी चांगली" हे मोजक्या वाइनना लागू. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन ताज्याच प्यायच्या, वर्ष-दोन वर्षांत. आठ ते बारा अंशांवर पांढरी, सोळा-अठरावर लाल. आपल्या उन्हाळ्यातलं 'रूम टेम्परेचर' म्हणजे पस्तीस, हे विसरू नका. लाल बाटलीसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, कोणी हसलं तर हसू द्या.

भाव करणे

छोट्या वाइनरीत सहा ग्लास चाखून, दोन तास बसून, एक बाटली घेताना "काही कमी करा ना" म्हणणारे. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आलं, त्यानंतर नाशिक पट्ट्यात वाइनऱ्या भराभर उभ्या राहिल्या आणि २००८-०९ च्या मंदीनंतर त्यातल्या कितीतरी बंद पडल्या. जे टिकले ते गारपीट, अवकाळी आणि कर्जाचे हप्ते सोसून टिकले आहेत. चाखण्याचे पैसे द्या, आवडली तर बाटली घ्या, नाही आवडली तर तसं सांगा. नाही आवडली म्हटलेलं त्यांना चालतं. का नाही आवडली, हे नीट सांगितलंत तर उलट खुर्ची ओढून बसतील.

आणि गाडी कोण चालवणार?

हे ग्लास हातात आल्यावर ठरवायचं नसतं. कायद्याची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "मी फक्त चाखली" हे पोलिसाच्या यंत्राला सांगता येत नाही. थुंकलं तरी थोडी पोटात जातेच, म्हणून चालवणाऱ्याने हुंगण्यावर भागवायचं. आमच्या गाडीत तो बहुतेक वेळा मीच असतो. माझ्या वाट्याची बाटली मी डब्यात ठेवतो आणि संध्याकाळी घरी, पाय वर घेऊन उघडतो.