हौशी नाट्यसंस्था चालवायची तर

दरवर्षी पुण्यात पुरुषोत्तम करंडकाचा, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचा, निकाल लागला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. ग्रुप छान जमलाय, कॉलेज संपतंय, संस्था रजिस्टर करायची आहे, काय काय लागतं? मी आधी विचारते, पुढची तालीम कुठे करणार? बहुतेकदा बोलणं तिथेच अडतं. कॉलेजचा हॉल हातचा गेला की रोज संध्याकाळी दहा-बारा माणसांना मोकळेपणी ओरडता येईल अशी जागा शोधणं, हेच नव्या संस्थेचं पहिलं काम. नोंदणीची घाई नको. एक-दोन नाटकं एकत्र करा, नोकरी-संसार सांभाळून कोण टिकतं ते पाहा, मग कागदांकडे वळा.

सोसायटीचा हॉल, देवळाचा सभामंडप, कुणाची गच्ची, तालमीला सगळं चालतं. फक्त थोडं का होईना भाडं द्यायचं आणि पावती घ्यायची. फुकटची जागा गणपतीत नाहीतर लग्नसराईत हमखास जाते आणि तेव्हा कुणाला बोलायची सोय नसते. आमची तालीम एका शाळेच्या वर्गात चालते. बाकं भिंतीला लावायची, खडूने रंगमंचाची चौकट आखायची, दोन खुर्च्या म्हणजे दार. चौकटीचं माप मात्र अंदाजपंचे नको. प्रयोग जिथे आहे तिथे टेप घेऊन जायचं. भरत नाट्य मंदिराच्या मोठ्या रंगमंचाची सवय झालेला नट सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागी गेला की तिसऱ्या पावलाला पहिल्या रांगेच्या मांडीवर. निघताना बाकं होती तशी लावायची, फळा पुसायचा, किल्ली शिपाईकाकांच्या हातात द्यायची. शाळेने आम्हाला ठेवून घेतलंय ते नाट्यप्रेमापोटी नव्हे, सकाळी बाकं जागेवर सापडतात म्हणून.

बालगंधर्व रंगमंदिराची भुरळ सगळ्यांनाच असते. पण तिथे शनिवार-रविवारच्या तारखांवर व्यावसायिक नाटकांची नजर असते. आणि खुर्च्या हजाराच्या आसपास. दोनशे माणसं आली तरी नटाला रिकाम्या रांगाच दिसतात. सुरुवातीचे प्रयोग सुदर्शन रंगमंच, श्रीराम लागू रंग-अवकाश, एरंडवण्यातलं द बॉक्स अशा जागी करावेत. शंभर माणसांतही नाटक भरल्यासारखं वाटतं आणि टेम्पोभर सेट करायचा मोहही आवरतो.

पैशाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण संस्था फुटतात त्या इथेच. आपली संस्था ना-नफा, म्हणजे शिल्लक आपसांत वाटून घ्यायची नाही, ती पुढच्या नाटकाला वापरायची. तिकीट लावायचं नाही असा त्याचा अर्थ अजिबात नाही. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेव्हा ती सबबही नको. खरी गळती पासांमध्ये. नटाच्या मावशीला पास, दिग्दर्शकाच्या ऑफिसला पास, शेजारच्या काकांना तर दोन. पास मागणारा माणूस मध्यंतरात बटाटेवड्यावर बिनतक्रार पैसे खर्च करतो, हे लक्षात ठेवा. आमच्याकडे प्रत्येक कलाकाराला मोजके पास. त्यावर हवे असतील तर त्याने स्वतः तिकिटं काढून द्यावीत. पहिल्या वर्षी रुसवे-फुगवे होतात, नंतर सवय होते.

आलेल्या पैशातून आधी नाट्यगृहाचं भाडं, मग लाईट-साउंडवाला, टेम्पो, मेकअपवाले, बॅकस्टेजला बाहेरून आलेली मुलं. ही माणसं पोटासाठी काम करतात. त्यांचे पैसे त्याच रात्री, व्हाउचरवर सही घेऊन. लेखकाचं मानधन दर प्रयोगाला आणि परवानगी लेखी. लेखक हयात नसला तरी त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. आपली 'नाईट', म्हणजे नटाचं प्रयोगाचं मानधन, सगळ्यात शेवटी, आणि हौशी संस्थेत ती बहुधा चहावरच भागते. सगळा व्यवहार संस्थेच्या खात्यातून. दिग्दर्शकाच्या गुगल पेवर तिकिटांचे पैसे घेणं म्हणजे भांडणाला निमंत्रण.

संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं, प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज वाचन संपताच करून टाका, रंगीत तालमीपर्यंत थांबू नका. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेत एकदा तरी उतरा. तारीख डोक्यावर असली की नाटक उभं राहतंच. पण फक्त स्पर्धेसाठी संस्था चालवली तर निकालानंतर वर्षभर कुणी फिरकत नाही. मधल्या काळात आपल्याच भागात अभिवाचनं ठेवा. आमच्या संस्थेतल्या बऱ्याच गृहिणी आणि निवृत्त मंडळी आधी अभिवाचनाला श्रोते म्हणून आली होती.

आणि एक माणूस असा शोधा, ज्याला रंगमंचावर यायचंच नाही. बँकेतून निवृत्त झालेली एखादी काकू मिळाली तर सोडू नका. दिग्दर्शकाला 'सेटवर एवढे पैसे नाहीत' असं तोंडावर सांगणारं कुणीतरी हवंच.

आता कागद. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याच संस्थेला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, उद्दिष्टं लिहिताना नाटकाबरोबर प्रशिक्षण, शिबिरं, बालनाट्य हेही घाला, नंतर घटनादुरुस्तीचा खटाटोप वाचतो. मग पॅन, बँक खातं, आयकर खात्याकडे ना-नफा संस्था म्हणून नोंदणी आणि देणग्यांसाठीची मान्यता (१९६१ च्या आयकर कायद्यातली १२ए आणि ८०जी). देणग्यांची मान्यता असेल तर जुनी करप्रणाली निवडलेल्या देणगीदाराला करसवलत मिळते, पण देणग्यांचं विवरण दरवर्षी आयकर खात्याकडे भरावं लागतं. दरवर्षी ऑडिट आलंच. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. हौशी संस्थांत खजिनदार लग्न करून नाहीतर नोकरीनिमित्त बेंगळुरूला जातो आणि अर्ज राहून जातो. मग नवीन माणसाची सही बँक मानत नाही आणि नाट्यगृहाची अनामत कुणाच्या तरी खिशातून भरावी लागते. म्हणून निवडीची सभा झाली की इतिवृत्तावर सह्या त्याच बैठकीत घ्या आणि अर्ज त्याच आठवड्यात लावा.