सॅम्पलरची मेमरी कशी पुरवावी

नवरात्र महिन्यावर आली की बडोद्यात ढोल, खंजिरी, मंजिरी यांचे आवाज सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज पॅड दाबून वाजवणाऱ्या यंत्रात, भरायची घाई सुरू होते. अर्धं काम होतं न होतं तोच पडद्यावर ‘मेमरी फुल’ येतं. मग बहुतेक जण मोठं कार्ड आणायला निघतात. बऱ्याच यंत्रांत त्याने काही साधत नाही.

सॅम्पलरमध्ये मेमरी दोन प्रकारची असते. कार्डावर किंवा आतल्या डिस्कवर आवाज साठवलेले असतात. वाजवताना लागणारे आवाज मात्र रॅममध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीत, चढवावे लागतात, आणि भरते ती रॅम. डिजिटाक्ट या सॅम्पलरच्या पहिल्या आवृत्तीत साठवणीला १ जीबी आहे, पण एका प्रोजेक्टला रॅम मिळते ६४ एमबी. तेव्हा आधी मॅन्युअल उघडून आपल्या यंत्राचे हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

मग हिशेब. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटचा मोनो आवाज सेकंदाला ८८,२०० बाइट खातो. स्टिरिओत डावी-उजवी अशा दोन बाजू, म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. हे ठाऊक असलं की कुठला सॅम्पल, म्हणजे भरलेला आवाज, किती महागात पडतोय ते ऐकतानाच कळतं.

पहिली कात्री स्टिरिओला लावा. ढोलाचा एक ठोका, टाळी, तबल्याचा एखादा बोल यांना स्टिरिओची गरज नसते. डावं-उजवं मिक्सरवर ठरवता येतं. फक्त दोन्ही बाजू मिसळून मोनो केलं तर ऐकून बघा. दोन माइक लावले असतील तर ढोलाचा घुमारा कधीकधी एकदम पातळ होतो, कारण दोन्हींकडच्या लहरी एकमेकींना मारतात. तसं झालं तर मिसळू नका, दोन्हींतली चांगली बाजू ठेवा आणि दुसरी काढून टाका.

आता छाटणी. इथे एक मेख आहे. सुरुवात आणि शेवटाच्या खुणा सरकवल्या की ऐकायला सॅम्पल छोटा होतो, पण खुणांबाहेरचा भाग रॅममध्ये तसाच पडून राहतो. चार मिनिटांच्या गाण्याचे तुकडे पाडून त्यातले तीनच वापरले, तरी यंत्र पूर्ण गाणं धरून बसतं. खुणा पक्क्या झाल्या की बाहेरचा भाग खरोखर कापणारी आज्ञा द्यावी लागते; यंत्रानुसार तिचं नाव ट्रिम, क्रॉप किंवा डिस्कार्ड असतं. ही कापाकापी परत फिरवता येईलच असं नाही, म्हणून मूळ फाइल आधी कॉम्प्युटरवर ठेवा.

सगळ्यात जास्त जागा वाचते ती लांब, टिकून राहणाऱ्या आवाजांत. तंबोरा घ्या. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, त्या बडोद्यात जुळलेला तंबोरा आणि तो छेडणारा हात मिळायला अडचण पडू नये. लोक अर्धा मिनिट स्टिरिओ रेकॉर्ड करतात, म्हणजे पाच एमबीच्या वर. पंचम, जोड, जोड, खर्ज अशी दोन आवर्तनं मोनोमध्ये घेतली तर एक एमबीच्या आत काम होतं, पण लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, पहिल्या आवर्तनापासून लावू नका. पहिला पंचम छेडताना खर्जाची आस अजून हवेत नसते. लूप फिरून तिथे आला की पोकळी ऐकू येते आणि कान दर वेळी तिथेच अडकतो. दुसऱ्या आवर्तनाचा पंचम जिथे सुरू होतो तिथे लूपची सुरुवात आणि तिसऱ्याचा पंचम छेडण्याच्या क्षणभर आधी शेवट ठेवा. म्हणजे रेकॉर्ड करताना तिसरं आवर्तन सुरू होईपर्यंत थांबायचं. क्रॉसफेड, म्हणजे लूपचा शेवट सुरुवातीत मिसळण्याची सोय, असेल तर अगदी थोडा द्या, जास्त दिला तर तारेचा झटका बोथट होतो. आणि पंखा बंद ठेवा, कारण त्याची घरघरही लूपमध्ये गोल गोल फिरत राहते.

तरीही जागा कमी पडली तर एक जुनी युक्ती आहे. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये जेमतेम दहा सेकंदांची मेमरी होती, म्हणून ३३ ची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने लावून आवाज घेत आणि यंत्रात पिच खाली आणत. आजही आवाज कॉम्प्युटरवर बारा स्वर, म्हणजे एक सप्तक, वर नेऊन सॅम्पलरमध्ये तेवढेच खाली आणले की जागा निम्मी लागते. वरच्या बारीक आवाजांना मात्र मुकावं लागतं. ढोलाच्या जाड बाजूला ते खपतं, उलट अंगी थोडा खरखरीतपणा येतो आणि मला तो आवडतो. मंजिरीला हा प्रयोग करू नका, ती पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.

हींच या गरब्याच्या तालाचे तयार लूप भरण्यापेक्षा सुटे ठोके भरून सिक्वेन्सरवर, म्हणजे ठोके ठरल्या क्रमाने वाजवणाऱ्या भागावर, बसवा. जागा कमी लागते आणि गायकाने लय चढवली तरी लूप ताणावा लागत नाही. एकच ठोका चार पॅडवर लावला तरी बहुतेक यंत्रांत तो एकदाच मोजला जातो, तेव्हा प्रती काढू नका.

शेवटी साफसफाई. पॅडवरून काढलेला सॅम्पल रॅममधून गेलेला नसतो. न वापरलेले सॅम्पल एकदम काढण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते. ती वापरण्याआधी प्रोजेक्ट वेगळ्या नावाने सेव्ह करा. नंतर यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, प्रोजेक्ट नव्याने लोड करा आणि एकेक पॅड वाजवून बघा. मुका पॅड सापडलाच, तर जुन्या नावाच्या प्रोजेक्टमधून त्याचा सॅम्पल परत घेता येतो.