दारू सोडायचीय? मग आधी हे वाचा

रोज भरपूर पिणाऱ्याने जोशात येऊन एका रात्रीत दारू बंद करू नये, हे आधीच सांगतो. घरच्यांना वाटतं चला सुटली एकदाची, पण शेवटच्या पेगनंतर 6 ते 24 तासांत हात थरथरायला लागतात, घाम, झोप नाही, काहींना फिट येते आणि 2-3 दिवसांनी माणूस अंगावर किडे चढतायत म्हणून चादर झटकत बसतो. ही नाटकं नाहीत, यात जीव जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग बंद.

तिथे रोज किती पिता याचा खरा आकडा सांगा, "कधीतरी घेतो" वगैरे नको, कारण औषधं त्यावरच ठरतात. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये (मानसिक आजार ओळखायची अमेरिकन डॉक्टरांची पुस्तिका) दारूच्या व्यसनाची 11 लक्षणं आहेत, मागच्या 12 महिन्यांत 2 जुळली तरी आजार धरतात, 6 किंवा जास्त म्हणजे गंभीर. बी1 व्हिटॅमिनचंही विचारा, मेंदूसाठी ते लागतं.

नंतर ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन नावाचं औषध असतं, अमेरिकेत 1994 पासून दारूसाठी मंजूर आहे, पण अफूवर्गातली पेनकिलर चालू असेल तर लपवू नका, दोन्हीचं जमत नाही. आणि हो, डायसल्फिराम (दारू सोडवायची गोळी) कुणाच्या जेवणात गुपचूप मिसळू नका प्लीज! वर दारू पडली की उलट्या, धडधड, बीपी खाली, कधीकधी थेट आयसीयू.

मधे एखाद दिवशी घसरलात तर लाजून औषध सोडू नका, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला फोन करा.