खोलीसाठी फरशी किती घ्यायची?

मापं घेताना पहिली चूक इंचांची होते. १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ नव्हे, १०.५ फूट. ६ भागिले १२, इतकंच. भिंती क्वचितच अगदी काटकोनात असतात, म्हणून लांबी-रुंदी दोन-दोन ठिकाणी मोजा आणि मोठं माप धरा. खोली एल आकाराची असेल तर तिचे दोन आयत पाडून बेरीज करा. दाराचा उंबरठा आणि भिंतीतला कोनाडा हमखास विसरला जातो.

समजा खोली १२ बाय १०.५ फूट, म्हणजे १२६ चौरस फूट. सरळ मांडणीत तुटफूट आणि कापाकापीसाठी १० टक्के वाढवा, झाले १३८.६. तिरकी मांडणी हवी असेल तर १५ टक्के धरा, कारण प्रत्येक कडेला त्रिकोणी तुकडे वाया जातात.

आता बॉक्स. दोन बाय दोनची म्हणून मिळणारी टाइल बहुधा ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांहून किंचित लहान असते. त्यामुळे चार टाइल्सचा बॉक्स १६ नाही, साधारण १५.५ चौरस फूट भरतो. बॉक्सवर छापलेला आकडाच घ्या. १३८.६ भागिले १५.५, म्हणजे ८.९४, घ्यायचे ९ बॉक्स.

त्याच टाइल्स कापून चार इंची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी, करणार असाल तर दार वगळून सुमारे ४२ फूट पट्टी लागेल. एका टाइलमधून पाच पट्ट्या धरल्या तरी आणखी पाच टाइल्स, म्हणजे एकूण ११ बॉक्स.

सगळे बॉक्स एकाच बॅचचे आणि शेडचे आहेत ना, हे उतरवून घेतानाच तपासा. उरलेल्या तीन-चार टाइल्स माळ्यावर ठेवा. तीच छटा पुढे मिळणं कठीण.