व्हर्च्युअल आयपी गटात टाकताना

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कीपअलाइव्हडीवर (एक मशीन पडलं की त्याचे पत्ते दुसऱ्याकडे नेणारं सॉफ्टवेअर) दोन लोड बॅलन्सर, म्हणजे आलेल्या विनंत्या सर्व्हरांत वाटणारी मशीन, बसवले होते. असे हलते पत्ते म्हणजेच व्हर्च्युअल आयपी. सेवा दोन, ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि मेल. प्रत्येकीला बाहेरचा एक पत्ता आणि आतल्या सर्व्हरांना गेटवे (बाहेर पडायची वाट) म्हणून एक, असे चार. मी बाहेरचे दोन्ही पहिल्या मशीनला दिले, आतले दोन्ही दुसऱ्याला. दोन-दोन, पेढे वाटल्यासारखे! ईआरपी काही उघडेना. नॅटचा, म्हणजे वाटेत पत्ते बदलण्याचा मामला: विनंती पहिल्यातून आत जायची, उत्तर दुसऱ्याकडून बाहेर पडायला बघायचं आणि दुसऱ्याला त्या कनेक्शनची काही खबरच नाही.

तेव्हापासून आधी कागदावर लिहितो, कोणते पत्ते जोडीनंच हलले पाहिजेत. तेवढेच एका गटात.

ईआरपीच्या १९२.१६८.१०.५० आणि आतल्या १०.०.२०.१ साठी वेगवेगळे व्हीआरआरपी इन्स्टन्स (पत्ता कोणाकडे हे मशीननी आपसात ठरवायच्या प्रोटोकॉलच्या नोंदी) करा, दोन्ही एकाच सिंक ग्रुपमध्ये, म्हणजे जोडीनं हलणाऱ्या गटात बांधा. मेलची जोडी दुसऱ्या ग्रुपमध्ये. ईआरपीच्या इन्स्टन्सना पहिल्या मशीनवर प्रायॉरिटी १५०, दुसऱ्यावर १००, मेलला उलटं. मोठा आकडा असलेला पत्ते धरतो. म्हणजे कुणी नुसतं बसून खात नाही. अर्थात एक पडलं तर दुसऱ्याला दोघांचं ओझं पेलायला हवं, ते मशीन घेतानाच बघा.

व्हर्च्युअल राउटर आयडी, म्हणजे इन्स्टन्सचा ओळख क्रमांक, १ ते २५५ मधला. प्रत्येक इन्स्टन्सला वेगळा, पण दोन्ही मशीनवर तोच. नेटवरच्या उदाहरणांत हटकून ५१ असतो. तो उचलू नका, त्याच नेटवर्कवर आणखी कुणीतरी उचललेला असतो. पत्ते डीएचसीपीच्या (मशीनना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) रेंजबाहेरचे घ्या.

फायरवॉलमध्ये पोर्ट शोधत बसू नका. व्हीआरआरपी टीसीपी नव्हे, यूडीपीही नव्हे. तो आयपी प्रोटोकॉल ११२, मल्टिकास्ट २२४.०.०.१८ वर. तो अडला की दोन्ही मशीन स्वतःला मास्टर (पत्ते धरणारा) समजतात, एकच पत्ता दोन्हीकडे चढतो आणि कनेक्शन मधूनच तुटतात.

आता चाचणी. सर्व्हिस स्टॉप करून ‘जमलं की’ म्हणू नका. नीट बंद होणारा मास्टर प्रायॉरिटी शून्य सांगून निरोप घेतो, त्यामुळे दुसरा सेकंदाच्या आत उठतो. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा निरोप कोण देणार? मास्टर दर सेकंदाला ‘आहे मी’ अशी हाळी देतो. ती थांबली की १०० वाला साधारण ३.६ सेकंद वाट बघून पत्ते घेतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत पहिल्याची पॉवर केबल ओढा आणि घड्याळ लावा. मशीन परत आलं की १५० वाला पत्ते पुन्हा स्वतःकडे ओढतो, तेव्हाही एक छोटा झटका बसतो. अकाउंट्सवाल्यांना आधी सांगून ठेवा.

मग पहिल्याची फक्त बाहेरची नेटवर्क केबल काढा आणि दुसऱ्यावर ‘आयपी अ‍ॅडर शो’ ही पत्ते दाखवणारी कमांड मारा. १९२.१६८.१०.५० च्या सोबत १०.०.२०.१ सुद्धा आला पाहिजे. आतला मागे राहिला तर सिंक ग्रुपमधलं इन्स्टन्सचं नाव परत तपासा, एखादं अक्षर चुकलेलं असतं.