पिल्लू आणलंय? लेकराला आधी पाण्याचं काम द्या

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की लेकराला सगळी कामं एकदम सांगू नका. एकच द्या, पाण्याचं. आपल्या परभणी-नांदेडकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकतच ते अंग थंड करतं. हे लेकराला पिल्लाजवळ बसवून दाखवा, मग फार आठवण करावी लागत नाही. मातीचं पसरट भांडं सावलीत ठेवायचं, शाळेत जाताना आणि आल्यावर घासून भरायचं. शिळं पाणी झाडाच्या आळ्यात. टँकरच्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

भाकरी लेकरू घालीलच, पण कांदा, द्राक्षं, मनुके, चॉकलेट नाही. कुत्र्याला ते बाधतं. पिल्लू खाताना किंवा झोपलेलं असताना हात लावायचा नाही.

रेबीजची लस मोठ्यांनी बघायची. पहिली साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. आणि चावलं, ओरखडलं तर रागावणार नाही, असं लेकराला आधीच कबूल करा, नाहीतर ते लपवतं. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद-चुना लावत बसू नका.